शेजारच्या खाटेवरच्या राहेलबाई

आमच्या सॅनिटोरियममध्ये नव्याने आलेली बाई पहिले काही दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असते. मीही तशीच पडले होते. बरी होऊन निघताना मोठ्या डॉक्टरबाई मला म्हणाल्या, तू कॉलेजात शिकतेस, तर अशा बायांना वाचून दाखवता येईल असं काहीतरी लिहून दे. मी हो म्हटलं आणि पुढे बराच काळ काहीच लिहिलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा झालेलं नाही. लिहिलेलं बरं आहे की वाईट हे विचारायलाही घरात कुणी नाही. शिवाय जे घडलं त्यात माझ्या फुप्फुसाइतकाच माझ्या ठरलेल्या लग्नाचा भाग आहे, आणि त्याविषयी लिहायचा मला संकोच वाटतो. पण ते गाळलं तर उरतात फक्त इंजेक्शनं आणि दूध. म्हणून दोन्ही लिहिते.

औषधांची माहिती मी देणार नाही. ती डॉक्टर देतील, आणि ती दरवर्षी बदलतेही आहे.

फोटो

माझे बाबा रेल्वेत गँगमन आहेत, रुळांची निगा राखणारे. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. बाबांच्या नोकरीमुळे चिंचवड स्टेशनाजवळच्या रेल्वेच्या खोल्यांत राहायला आलो. मी रोज सकाळच्या गाडीने पुण्याला कॉलेजात जायची. पावसाळ्यात लागलेला खोकला नाताळ आला तरी गेला नव्हता. संध्याकाळी अंग गरम व्हायचं. आई काढा द्यायची, मी प्यायची, आणि दोघी हे थंडीचं आहे असं एकमेकींना सांगायचो.

मग एकदा तर्कशास्त्राच्या तासाला खोकल्याची ढास लागली आणि रुमालाला रक्त लागलं. मी रुमाल घडी करून मुठीत धरला आणि तास संपेपर्यंत लिहून घेत राहिले. भर वर्गातून उठून जायची मला लाज वाटली. आज त्याचं हसू येतं, पण ज्यांच्या घरातलं पहिलंच माणूस कॉलेजात बसलेलं असतं त्यांना हे कळेल.

पुण्यात छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडाकडे धरला तेव्हा बाबा पुढे झाले आणि त्यांनी विचारलं, "कुठं तुटलंय ते दाखवा." डॉक्टरांनी डाव्या बाजूला वर एक पांढुरका डाग दाखवला. बाबांना वाटत होतं की काळं आहे ते वाईट. तसं नाही, पांढरं ते वाईट, हे त्यांना दोनदा समजावून सांगावं लागलं. मग त्यांनी एवढंच विचारलं की हे भरून निघतं का. निघतं, पण वेळ लागेल, आणि पोरीला इस्पितळात ठेवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

परतीच्या गाडीत बाबा तो फोटो मांडीवर आडवा धरून बसले होते. रुळाला तडा गेला की गाडी हळू नेण्याचा हुकूम निघतो, त्याला गँगची माणसं कॉशन म्हणतात. देहूरोडला जाणारे शिपाई खडकीला चढले, गर्दी झाली, तेव्हा बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "सुवार्ता, तुला कॉशन लागलंय. लाइन बंद न्हाई झाली."

मला त्या दिवशी दोन गोष्टींची भीती वाटत होती. एक मरणाची. दुसरी, दानियलला हे सांगण्याची.

राहेलबाईंचं घर

दानियल खडकीच्या एका कारखान्यात फिटर होते. आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत आम्ही एकमेकांना लहानपणापासून पाहत होतो, आणि त्या वर्षीच आमची मागणी झाली होती. लग्न माझी परीक्षा झाल्यावर करायचं, असा शब्द त्यांनीच माझ्या बाबांना दिला होता.

त्यांच्या आई राहेलबाई. नवरा फार वर्षांपूर्वी गेलेला. त्या बायबलबाई होत्या, म्हणजे गावोगाव पायी फिरून बायकांना शुभवर्तमानातल्या गोष्टी सांगायच्या, अक्षरओळख करून द्यायच्या. राहायला रावेतला, नदीकडेच्या एका खोलीत. ती खोली मिशनने दिलेली होती. त्यांना जुनी भजनं खूप पाठ होती. माझा आवाज बरा म्हणून त्या मला शनिवारी शिकवायला बोलवायच्या. आम्ही एका सतरंजीवर शेजारी शेजारी बसून गायचो. गाताना राहेलबाई वेगळ्याच दिसायच्या. एरवी त्या कडक.

त्या घरात एक गोष्ट मला टोचायची. पाणी प्यायची भांडी एका फळीवर असत, आणि एक पितळेचं फुलपात्र मात्र लांब कोनाड्यात, एकटं. मला पाणी फळीवरच्या भांड्यातून मिळायचं. राहेलबाई कोनाड्यातल्यातूनच प्यायच्या. त्यांचं ताट वेगळं, ते त्या स्वतः राखेने घासून वेगळं पालथं घालायच्या. माझ्या हाताला लावू द्यायच्या नाहीत.

ज्या गावात माझे आजोबा वाढले तिथे त्यांना विहिरीवर चढता येत नव्हतं. पाणी वरून ओंजळीत ओतलं जायचं. प्रभूत आल्यावर ते सुटलं, असं आमच्या घरी सांगत. राहेलबाईंचे वाडवडील कुणब्यांतून आलेले. ते फुलपात्र पाहून मला वाटायचं, देवळात, म्हणजे चर्चमध्ये, भाकर-द्राक्षरसाचं प्रभुभोजन सगळे एका प्याल्यातून घेतात, पण घरी यांचं भांडं आमच्या हाताने विटाळतं. मी हे कुणाला बोलले नाही. दानियलला तर नाहीच. त्यांच्यावर माझा जीव होता, आणि आईबद्दल असं काही ऐकून ते मधल्यामध्ये सापडले असते.

फोटो निघाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात राहेलबाई आमच्याकडे आल्या. उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. बाहेर उभ्या राहूनच आईला म्हणाल्या, हे लग्न व्हायचं नाही, तुम्ही मोकळे, आम्ही मोकळे. आई रडत आत आली. पुढच्या रविवारी मंडळीत सगळ्यांना ठाऊक झालं होतं, आणि गँगमनच्या घरात क्षय आहे, त्यांच्या रक्तातच असेल, असंही कुणीतरी म्हणालं. राहेलबाई तिथे होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि त्या गप्प राहिल्या. बाबा नेहमी पुढच्या बाकावर बसत. त्या दिवसापासून ते दाराजवळ उभे राहू लागले.

माळावर

सॅनिटोरियम चाकणच्या पुढे माळावर आहे. लांबलचक कौलारू वॉर्ड, एक बाजू पूर्ण उघडी, म्हणजे वारा येत राहावा. चाकणला बाजार असला की त्या वाऱ्यावर कांद्याचा वास यायचा.

दिवस सगळे सारखे. सकाळी थर्मामीटर, मग सुई, मग पुडीतली कडू पावडर, मग दूध, अंडं. दुपारी विश्रांतीची घंटा झाली की बोलायचं नाही, वाचायचं नाही, कुशीवरही वळायचं नाही. मी धडधाकट पाय असलेली मुलगी, आणि मला अंगणापर्यंत चालायची परवानगी मिळाली त्या दिवशी मी आईला कळवलं. वजन वाढलं तर बायका एकमेकींना सांगायच्या, कमी झालं तर काट्यालाच दोष द्यायच्या. प्रत्येकीच्या ताटवाटीवर तिचा नंबर ठोकलेला होता, आणि जेवणानंतर सगळी भांडी एका मोठ्या पिंपात उकळायची. पहिल्यांदा ते नंबर पाहून मला कोनाड्यातलं फुलपात्र आठवलं. इथेही वेगळं भांडं. पण सगळ्यांचंच वेगळं म्हटल्यावर त्यातलं टोचणं हळूहळू गेलं.

माझ्या उजवीकडच्या खाटेवर पारूबाई होत्या, चाकणजवळच्या वाडीतल्या शेतकरीण. मुलं घरी, नवरा पंधरवड्याने येऊन जायचा. सिस्टर सुई घेऊन आल्या की त्या म्हणायच्या, "या बाई, आमच्या बैलाला पण एवढ्या सुया न्हाई टोचल्या." मी भिंतीकडे तोंड करून पडले होते तेव्हा माझ्याशी पहिलं बोलल्या त्या पारूबाईच. त्यांनी विचारलं, "भिंतीत काय दिसतं गं?" मी वळले. तिथून मी बरी व्हायला लागले असं मला वाटतं.

भीती जात नाही, हे नव्या बाईला सांगायला हवं. आपल्याशी काल बोललेल्या बाईची खाट सकाळी धुऊन उन्हात उभी केलेली दिसते. त्या दिवशी सगळ्या वॉर्डाचा ताप थोडा वर असतो.

दानियल येतात

पहिले दोन महिने दानियल आले नाहीत. मग एका रविवारी सायकलवरून आले, खडकीहून भोसरी, मोशी करत, पाठीवरचा सदरा घामाने भिजलेला. पुरुषांना वॉर्डात येऊ देत नसत. ते ओसरीच्या कठड्याबाहेर उभे राहिले आणि सिस्टरनी मला आतल्या बाकावर बसवलं.

ते बोलायला धीट नाहीत. बराच वेळ सायकलची घंटी अंगठ्याने दाबून ठेवत, वाजू न देता, उभे होते. मग म्हणाले की आईला मी हो म्हणालेलो नाही. मी विचारलं, "मग दोन महिने?"

"नाही पण म्हणालो नव्हतो," ते म्हणाले. "ती जेवत नव्हती, सुवार्ता. मी विचारलं का मोडतेस, तर नुसती भिंतीकडे बघायची. परवा मी तिला सांगितलं, मी जाणार. म्हणून आलो."

मला त्यांचा राग आला होता आणि ते आल्याचा आनंदही झाला होता. मी त्यांना सांगितलं की मी बरी झाले तरी तुमच्या आईच्या घरात मला येता येईल असं वाटत नाही. का, ते सांगितलं नाही. ते म्हणाले, बरी तर हो. आणि मग दर रविवारी येत राहिले.

म्हणजे माझ्यापुढे प्रश्न हा होता. मी जगले तर या माणसाशी लग्न करायचं होतं, आणि त्यासाठी ज्या बाईने माझं लग्न उंबऱ्याबाहेरून मोडून टाकलं तिच्या घरी जायचं होतं. प्रार्थनेत मी जगणं मागायची. त्या घराचं नावही काढायची नाही.

शेजारची खाट

उन्हाळा लागल्यावर एका दुपारी स्ट्रेचरवरून एक बाई आणली आणि माझ्या डाव्या हाताच्या रिकाम्या खाटेवर ठेवली. त्या राहेलबाई होत्या. पुनावळ्याला एका घरच्या ओट्यावर बायकांना गोष्ट सांगता सांगता त्यांना रक्ताची उलटी झाली होती.

मी सिस्टरना म्हटलं, माझी खाट हलवा. दुसरी जागा नव्हती. त्या दिवशी आणि पुढेही कितीतरी दिवस मी उजव्या कुशीवरच झोपले. पारूबाईंना तेवढं दिसत होतं. त्या म्हणाल्या, "कोण गं ती? सासू?" मी म्हटलं, झाली असती.

एकदा तपासणीच्या वेळी डॉक्टरबाई राहेलबाईंचा फोटो पाहत सिस्टरना हळू म्हणाल्या की हे फार जुनं आहे, कितीतरी वर्षांचं. मी ते ऐकलं. कितीतरी वर्षांचं. म्हणजे आम्ही सतरंजीवर बसून गात होतो तेव्हाचं. त्याच्याही आधीचं. मला एवढा राग आला की संध्याकाळी थर्मामीटरमध्ये तो दिसला.

दुसऱ्या दिवशी विश्रांतीची घंटा व्हायच्या आधी मी उठून बसले आणि त्यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं का.

"व्हय," त्या म्हणाल्या.

त्यांनी काही लपवलं नाही. थांबत थांबत, दम घेत सगळं सांगितलं. नवरा याच रोगाने गेला. नंतर स्वतःला खोकला लागला तेव्हाच त्या समजल्या. पण सांगितलं असतं तर मिशनने काम काढलं असतं, खोली गेली असती, आणि दानियल तेव्हा शाळेत होता. म्हणून त्यांनी स्वतःला वेगळं काढलं. ताट वेगळं, फुलपात्र वेगळं, अंथरूण दारापाशी. देवळात प्रभुभोजनाच्या वेळी त्या नेहमी सगळ्यांच्या शेवटी जायच्या, म्हणजे प्याला त्यांच्यानंतर कुणाच्या ओठाला लागू नये. मंडळीत सगळे त्याला नम्रता म्हणत.

मी म्हटलं, ते फुलपात्र मी रोज बघायची. मला वाटायचं तुम्ही मला वेगळं ठेवता.

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांनी डोळे मिटले. "पोरी, तुला कशाला वेगळं ठेवीन? वेगळी मीच व्हते."

मग त्या आपणहून म्हणाल्या, "खरं चुकले ते फुलपात्रात न्हाई. तू गायला बसलीस की मी उठून लांब बसायला पायजे व्हतं. मला ठाऊक व्हतं. न्हाई उठले. त्या घरात दुसरं कुणी माझ्याजवळ बसत नव्हतं गं."

लग्न का मोडलंत, हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. माझा फोटो कसा निघाला ते कळल्यावर त्यांना वाटलं, हिला मीच दिलं, आता घरात आणून पुरती मारू का. मी म्हटलं, मग तसं सांगायचं होतंत. माझ्या बाबांना लोकांनी काय म्हटलं ते तुम्ही ऐकत होतात. घंटा झाली आणि आम्ही दोघी आडव्या झालो.

पुढे मी डॉक्टरबाईंना विचारलं की मला हे राहेलबाईंकडूनच आलं का. त्या म्हणाल्या, तसं कुणालाच सांगता येणार नाही, तू रोज भरल्या गाडीतून जात होतीस. हे ऐकूनही माझा राग सुटला नाही. गाडीवर रागावता येत नाही.

आज नाही

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात आमच्या मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, वॉर्डातल्या ख्रिस्ती बायकांना प्रभुभोजन द्यायला आले. इथे एक प्याला चालत नाही. दवाखान्यातले औषध मोजायचे काचेचे पेले उकळून घेतले होते, त्यांत द्राक्षरस ओतला होता. एकेका खाटेपाशी येत ते राहेलबाईंपाशी आले.

राहेलबाईंनी हात पुढे केला नाही. त्या म्हणाल्या, "मला देऊ नका, पाळकसाहेब. ह्या पोरीचं मी वाईट केलंय. आधी ती काय म्हणती ते ऐका."

सगळा वॉर्ड माझ्याकडे पाहत होता. आम्हाला लहानपणापासून शिकवतात की आधी समेट, मग देवापुढे या. मी हो म्हणायला तोंड उघडलं, आणि मला दाराजवळ उभे असलेले बाबा दिसले. म्हणजे खरे नव्हे, डोळ्यांपुढे. मी म्हटलं, "आज नाही, पाळकसाहेब. आणि मग मलाही देऊ नका."

ते म्हातारे गृहस्थ. त्यांनी उपदेश केला नाही. दोन्ही पेले पुन्हा तबकात ठेवले, वर रुमाल घातला, "मी येईन परत," म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. मला वाटलं होतं ते रागावतील किंवा रडवतील. दोन्ही केलं नाही, याचे उपकार मी विसरणार नाही.

पारूबाईंना हा सगळा प्रकार समजला नव्हता. मी समजावून सांगितला तेव्हा त्या विचार करून म्हणाल्या, "तुमच्यात तंटा मिटवायला साहेब लागतो व्हय? आमच्यात शेजारीण येऊन चूल पेटवायला निखारा मागती, दिला की मिटलं." मी म्हटलं, आणि नाही दिला तर? "तर तिची चूल गार, आन् आपल्याला धूर." मला हसू आलं, आणि हसताना डाव्या कुशीत दुखलं.

केस

क्षमा कशी करायची ते मला माहीत नव्हतं. मी ती मनात तयार होईल म्हणून वाट पाहत होते, परीक्षेआधी उत्तर तयार होतं तशी. ती तशी झाली नाही.

राहेलबाईंना हात वर उचलायला मनाई होती. केस विंचरले जात नव्हते, त्यांचा गुंता होऊन जटा झाल्या होत्या. सिस्टर म्हणाल्या की उद्या कापून टाकू. राहेलबाईंनी हात डोक्यावर ठेवला आणि तसाच ठेवून पडल्या. मनाई असूनही. मला ते पाहवेना. मी सिस्टरना विचारलं, बसून करायचं काम मला चालेल का. चालेल म्हणाल्या.

खोबरेल लावून एकेक बट सोडवत गेले. दुपारपर्यंत अर्धंच डोकं झालं. मग राहेलबाई अगदी बारीक आवाजात एक भजन गुणगुणायला लागल्या, ज्याची चाल मला अवघड जायची तेच. एक ओळ झाली आणि त्या एकदम थांबल्या. त्यांनी मान कष्टाने पलीकडे वळवली, माझ्याकडे श्वास येऊ नये म्हणून.

मी म्हटलं, "अहो, आता कशाला तोंड फिरवता? मलाही तेच झालंय."

मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. त्या हसत होत्या. मीही हसले. पारूबाई पलीकडून म्हणाल्या, "काय झालं ते मला पण सांगा की," आणि सिस्टर आम्हाला गप्प करायला आल्या, कारण हसण्याने फुप्फुसाला ताण पडतो.

हसू ओसरल्यावर मी त्यांना सांगितलं की माझ्या मनात तुमच्याविषयी होतं ते मी सोडते. पण बाबांना खरं सांगा. लोकांसमोर सांगा. त्या म्हणाल्या, सांगते.

मला वाटलं होतं की एकदा सोडलं की सुटलं. तसं नाही. संध्याकाळचा ताप जसा गेला गेला म्हणताना एखाद्या दिवशी परत चढतो, तसा तो राग परत यायचा, विशेषतः वजन घटलं की. मग मी पुन्हा सोडायची. नव्या बाईला हेही सांगून ठेवते, म्हणजे तिला आपली क्षमा खोटी वाटणार नाही.

पुढच्या भेटीच्या दिवशी आमच्या मंडळीतली चारपाच माणसं आली होती. सिस्टरनी आमच्या खाटा ओसरीच्या कठड्याशी ओढून घेतल्या; बाहेर बाबा, आई, दानियल. राहेलबाईंनी खाटेला उशी लावून घेतली आणि सगळ्यांसमोर सांगितलं. आपल्याला रोग किती जुना, तो कसा लपवला, पोरीला कदाचित आपल्यापासूनच झाला, आणि लोक गँगमनच्या घराला बोलत होते तेव्हा आपण तोंड कसं शिवून बसलो. आपलं काम यामुळे जाणार हे त्यांना माहीत होतं, आणि ते गेलंही. दानियलला यातलं काहीच ठाऊक नव्हतं; आईचं वेगळं ताट ही तिची शिस्त, असंच ते लहानपणापासून समजत आले होते. ते कठडा दोन्ही हातांनी धरून खाली बघत राहिले.

सगळे बाबांकडे पाहत होते. बाबांनी टोपी काढून हातात घेतली. त्यांनी विचारलं, "बाई, दोघींना औषध एकच देत्यात का?"

"एकच," राहेलबाई म्हणाल्या.

"मग दोघी घ्या नीट," बाबा म्हणाले, आणि आईने आणलेल्या डब्यातला शिरा त्यांनी आधी राहेलबाईंच्या नंबराच्या ताटलीत काढला.

पाळकसाहेब म्हणाल्याप्रमाणे परत आले. त्या दिवशी आम्ही दोघींनी प्रभुभोजन घेतलं.

नंतर

मी आधी सुटले. थुंकी स्वच्छ निघाली, डाग आवळत आला. डॉक्टरबाईंनी कॉलेजला परवानगी दिली, लग्नाला नाही. थांबायचं होतं. राहेलबाईंचं एक फुप्फुस जवळजवळ निकामी होतं, त्यांना आणखी बराच काळ तिथेच राहायचं होतं. पारूबाई मध्ये बऱ्या होऊन वाडीला गेल्या आणि जाताना मला म्हणाल्या, लग्नाला बोलव, कांदे मी घालते.

डॉक्टरबाईंनी लग्नासाठी घातलेली मुदत संपली तेव्हा दानियलने विचारलं, आता? मिशनची खोली गेली होती, त्यांनी चिंचवडगावात एक भाड्याने घेतली होती. मी म्हटलं, तुमची आई घरी आल्यावर. ते म्हणाले, डॉक्टर कधी सोडतील याचा नेम नाही. मी म्हटलं, असू दे. त्या यायच्या आधी मी तिथे राहायला गेले, तर त्या आल्यावर पाहुण्या होतील. मला त्यांच्या घरी जायचंय.

आम्ही थांबलो. मधल्या काळात मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत आले. मनात पुष्कळ वेळा आलं की त्या येणारच नाहीत. त्या आल्या, काठी टेकत, आणि लग्न झालं.

देवळापासून ती खोली फार लांब नाही, पण चढ आहे. पुढे वाजंत्री, मागे मंडळी, आणि पारूबाई डोक्यावर कांद्याचं टोपलं घेऊन. घराच्या खाली तीन पायऱ्या आहेत. राहेलबाई सुनेला आत घ्यायला आमच्या पुढे निघाल्या होत्या, पण पहिल्याच पायरीपाशी काठीवर वाकून थांबल्या. मी गाठलं तेव्हा माझ्याही छातीत धाप भरली होती.

त्यांनी वळून विचारलं, "दम लागला का गं?"

"लागला," मी म्हटलं. "तुम्हाला?"

"लई."

मग त्या पायरीवर बसल्या आणि शेजारची जागा पदराने झाडली. मी शालू सावरून त्यांना लागून बसले. दानियल वर दारात उभे होते, मंडळी खाली ताटकळत होती, वाजंत्र्यांना वाजवावं की थांबावं ते कळेना. पारूबाईंनी त्यांना हाताने खूण केली की वाजवा. आम्हाला घाई नव्हती. दम खाली बसला की दोघी एकदमच उठणार होतो.